कणगीतली जागा

मी मुळातच भित्रा. तरण्या वयात पोटासाठी पत्करलेलं काम मात्र असं, की मला पाहून दुसऱ्यांनी घाबरावं. वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी लहान मुलांना देवी टोचत हिंडत असे. खांद्याला पिशवी, पिशवीत लशीच्या नळ्या, स्पिरिटची बाटली, कापूस आणि टोचायची सुई. वाडीत शिरलो की आधी कुत्री भुंकायची, मग पोरं पळायची आणि मग आया दारात येऊन उभ्या राहायच्या. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "घरात लहान मुलं किती?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला क्वचितच मिळालं. "एकच हाय बगा, आन् त्येला गेल्या साली टोचलंय," असं एखादी माउली शपथेवर सांगायची आणि तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या माळ्यावरून दुसरं शिंकायचं. गोठ्यात, गवताच्या गंजीमागं, न्हाणीच्या आडोशाला, कुठं कुठं मुलं दडवलेली असत. लोक खोटारडे होते असं मी म्हणणार नाही. कुणी कागद-पेन्सिल घेऊन विचारायला आला की कमी सांगायचं, ही त्या खोऱ्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण होती. गुरं किती विचारलं की सारा वाढतो, माणसं किती विचारलं की वेठ लागते, एवढं त्यांना पुरतं ठाऊक होतं. मीही हळूहळू शहाणा झालो. उत्तर ऐकायचं सोडून अंगणातल्या दोरीवर वाळणारी झबली बघायला लागलो.

डोंगराच्या अगदी कुशीतल्या एका वाडीत, वरच्या अंगाला, एका म्हातारीचं घर होतं. नवरा कधीच गेलेला, मुलगा मुंबईला गिरणीत, घरात सून आणि एक नातू. त्या नातवाला मी स्वतः टोचलं होतं. दोरीवर कपडे एकाच पोराचे. सगळ्या पट्ट्यात खरं बोलणारं हे एकच घर, असं मी बायकोला कौतुकानं सांगत असे. चढण चढून गेलो की म्हातारी ओट्यावरच्या कोनाड्यात पालथं ठेवलेलं पितळेचं फुलपात्र काढायची आणि मला ताक नाहीतर पाणी द्यायची. ते फुलपात्र बाहेरच्या माणसांसाठी वेगळं होतं. प्यायल्यावर मीच ते विसळून परत पालथं घालायचो. मला त्यात कधी काही वाटलं नाही, कारण फौजदारालाही त्यातच पाणी मिळे.

आम्ही बेने इस्राईल, म्हणजे यहुदी. मूळचे घाटाखालचे, कुलाब्याकडचे. तिकडं आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. घाटावर वेल्ह्यात मात्र आमचं एकच घर, आणि आम्ही कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती. मी देवीडाक्टर, माझी बायको डाक्टरीणबाई, आणि आमची नुकती रांगायला लागलेली मुलगी म्हणजे डाक्टराची बाय. शनिवारी मी कामाला निघत नाही हे शेजाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं, की डॉक्टर मारुतीचं काहीतरी कडक करतात. दाराच्या चौकटीला आम्ही ठोकलेली, प्रार्थनेचा कागद घातलेली बारकी नळी बघून एका म्हाताऱ्यानं ती कुठल्या देवऋष्याकडून आणली, असंही विचारलं होतं.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. पुण्याचं वर्तमानपत्र दोन-चार दिवसांनी शिळं होऊन वेल्ह्यात यायचं आणि मी ते दिवेलागणीच्या आधी कोपऱ्यात बसून वाचायचो. युरोपातल्या आमच्या लोकांबद्दल आतल्या पानावर, कुठंतरी खाली, चार ओळी असत. अमुक शहरातल्या यहुद्यांना नावं नोंदवायला लावली. तमुक गावातल्या सगळ्यांना गाड्यांत घालून नेलं. कुठं नेलं ते लिहिलेलं नसे. वाचून झालं की मी ते पान बायकोपुढं धरायचो. बायको म्हणायची, "अहो, ते कुठं, आपण कुठं. आपल्याला इथं कोण ओळखतंय?" तिचं खरं होतं. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, हाच मला त्या दिवसांत मोठा आधार वाटत होता.

पितृपंधरवड्यात पुण्याहून एक तरुण प्राध्यापक आला. परदेशात शिकून आलेला, चष्म्याचा, बोलायला फार मऊ. लोकांच्या मनात वेगवेगळ्या जातीधर्मांच्या माणसांबद्दल किती दुरावा आहे ते मोजायचं, असा त्याचा अभ्यास होता. मला हसू आलं. म्हटलं, दुरावा काय पायलीनं मोजायचा? त्याला राग आला नाही. त्यानं मला नीट समजावलं. एक जिना आहे असं धरा. वरच्या पायरीवर सोयरीक. त्याखाली एका पंगतीला जेवण. त्याखाली शेजारी घर. त्याखाली ओट्यावर पाणी. अगदी खालची पायरी म्हणजे, असला माणूस गावातच नको. प्रत्येक घरी विचारायचं, अमक्या लोकांना तुम्ही कुठल्या पायरीपर्यंत येऊ द्याल? अशी शे-दोनशे घरं विचारली की गावाचं मन कागदावर उतरतं.

"लोक तोंडावर गोड बोलतील," मी म्हटलं.

"म्हणून आणखी एक प्रश्न ठेवलाय," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं असं विचारलं की माणूस सावरून बोलतो. तुमच्या गावाला काय वाटेल असं विचारलं की त्याच्याच पोटातलं ओठावर येतं."

माणूस हुशार होता, आणि भलाही होता. डोंगरातल्या वाटा आणि घरं मला तोंडपाठ, म्हणून कचेरीनं मला त्याचा वाटाड्या केलं. पहिल्या दिवशी मी त्याला माझा धर्म सांगितला. त्याच्या प्रश्नांत यहुद्यांचंही नाव आहे हे मला तेव्हा कळलं, आणि मी यहुदी आहे हे त्याला. त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "मग तुम्ही प्रश्न विचारताना जवळ बसू नका. तुमच्यादेखत लोक खरं सांगणार नाहीत." मलाही ते पटलं. तो घरात जाई आणि मी लांब पारावर नाहीतर देवळात बसून राही. माझ्याबद्दल आत काय चाललं असेल, एवढाच विचार डोक्यात. आपल्यावर निकाल लागतोय आणि आपल्याला कोर्टात यायला मनाई आहे, असं वाटायचं.

घोटाळा दुसऱ्याच दिवशी झाला. यहुदी म्हणजे कोण हे कुणाला सांगताच येईना. लोक एकमेकांकडं बघत. शनवार तेली म्हटलं तरी तेच. ज्याला पाहिलेलंच नाही त्याला कुठल्या पायरीवर बसवणार? तेव्हा प्राध्यापकानं खुलासा करायला सुरुवात केली. "तुमचे देवीडॉक्टर आहेत ना, ते यहुदी." लोक समजले, प्रश्न सोपा झाला, त्याची पेन्सिल भराभर चालू लागली. संध्याकाळी त्यानंच मला हे मोकळेपणानं सांगितलं. एवढ्या मोठ्या धर्माचं माप घ्यायला त्याच्या हाती एकच माणूस उरला होता, तो मी.

म्हातारीच्या वाडीत गेलो त्या दिवशी मला जरा धीर होता. तिच्या घरी तरी आपलं भलंच बोललं जाईल असं वाटत होतं. प्राध्यापक ओट्यावर बसला. मी खालच्या आंब्याखाली थांबलो होतो, पण अचानक जोराची सर आली आणि मी पळत तिच्याच गोठ्यात शिरलो. गोठा आणि ओटा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत. ऐकायचं नाही म्हटलं तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आजी, देवीडॉक्टरांना ओळखता ना?"

"न्हाई बा. कोन त्यो?"

"ते यहुदी आहेत. त्यांना तुम्ही ओट्यावर पाणी द्याल का?"

"पानी? पानी कशापायी देऊ? आमच्या दाराला त्येचा पाय लागला न्हाई कदी."

"गावात राहिले तर चालेल?"

"नगं. असली मानसं गावातच नगंत. कुठं ऱ्हातो, कुठनं येतो, आमास्नी काय बी म्हायती न्हाई."

"आणि गावाला काय वाटतं?"

"गावबी ह्येच म्हनंल. इच्यारून बगा."

मी म्हशीच्या पाठीला धरून उभा होतो. आवाज तिचाच होता, शांत, ठाम, अडखळण नाही. कोनाड्यातलं ते फुलपात्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. इतकी वर्षं त्यातनं प्यालेलं ताक पोटात आंबतंय असं वाटलं. आणि राग आला तो तिच्यापेक्षा माझा मलाच, कारण सगळ्या पट्ट्यात खरं बोलणारं घर म्हणून मी ज्याची वाखाणणी केली होती ते हेच घर होतं. मग आता ती बोलली तेही खरंच मानायला हवं होतं.

परत उतरताना प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं. वाटेत तो पावसाबद्दल बोलत राहिला. निघायच्या दिवशी मात्र तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "उत्तरं माझ्या अपेक्षेपेक्षा फार कडू आलीत. कदाचित तुमचं नाव घेऊन विचारलं तिथंच माझं चुकलं. पण काळजी घ्या." काळजी घ्या, एवढं बोलून तो बैलगाडीत बसून नसरापूरकडं निघून गेला.

त्यानंतर गाव बदललं. निदान मला तरी तसं दिसू लागलं. दूधवाली आधी पुढच्या दारी यायची, हाक मारायची, बाळाशी बोबडं बोलायची. ती आता मागच्या दारी यायची, इकडंतिकडं बघून लोटा उंबऱ्यावर ठेवायची आणि न बोलता निघून जायची. पारावर बसलेली माणसं मी आलो की गप्प होत. शेजारीण एकदा बायकोला हळूच म्हणाली, "तुमच्यावाल्यांनी काय केलंय वो? सरकार उगा घरोघर इच्यारतंय व्हय?" पाटलाचा माणूस येऊन विचारून गेला, की आमचं मूळ गाव कोणतं आणि जायचं झालं तर कुठल्या वाटेनं जाऊ. हे ऐकून मी रात्रभर कूस बदलत राहिलो. जायची वाट कोण कुणाला विचारतं?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तर सगळं वेल्हे लागलं होतं. मी चौकटीवरची नळी काढून ठेवावी म्हणून स्टुलावर चढलो, तर बायकोनं स्टूल धरून मला खाली उतरवलं. "ती काढलीत तर मी आत्ताच बाळाला घेऊन चालू पडेन," ती म्हणाली. मी म्हटलं, तेच करायचंय. सण झाला की तिनं आणि बाळानं भोरला जावं, तिथून कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार मिळाली तर वरंधा घाट उतरून माहेर गाठावं. मीही मागून राजीनामा देऊन येईन. ती बाळाची झबली घडी घालत राहिली. तिला वेल्हे आवडायचं. शेवटी म्हणाली, "म्हणजे ही माणसं आपल्याला खरंच काही करतील असं वाटतं तुम्हाला?" आमची मुलगी या माणसांत सुखरूप आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. ज्यानं शे-दोनशे घरं विचारून माप घेतलं, तो तर काळजी घ्या म्हणून गेला होता.

सण होता आमचा दारफळणीचा. वर्षातला सर्वांत मोठा उपास. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालतो, घराची दारं लावून घेतो, बाहेरच्या कुणाशी बोलत नाही, कुणाला शिवत नाही, आणि आभाळात चांदण्या दिसेपर्यंत देवाकडं वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. आमचे महिनेही चंद्रावर चालतात आणि हा सण दशमीला येतो. आदल्या वर्षी तो दसऱ्याच्या महिनाभर आधीच येऊन गेला होता. या वर्षी नेमका दसऱ्याला आला. दसऱ्याला दार लावून बसणं म्हणजे गावात काय समजलं जाईल हे आम्हाला सुचायला हवं होतं. पण आम्ही आमच्याच भीतीत इतके बुडालेलो, की बाहेर दसरा आहे याचंच भान राहिलं नव्हतं.

दिवस उतरायला लागला तसे ढोल ऐकू आले. मग गलका. मग आमच्याच बोळात पायांचा आवाज. मी दाराच्या फटीला डोळा लावला. पाटलाच्या हातात उघडी तलवार, मागं काठ्या, घोंगड्या, माणसंच माणसं.

"डाक्टर!" दारावर थाप पडली. "ओ डाक्टर, दार उगडा!"

उपासानं आधीच डोकं गरगरत होतं. बायको बाळाला पदराखाली घेऊन पार मागच्या भिंतीला टेकली होती. बाळानं रडायला तोंड उघडलं आणि तिनं त्याला छातीशी दाबलं. प्रार्थनेचे शब्द माझ्या तोंडात होते पण आवाज निघत नव्हता.

"हायेत की आत. पोरगं कण्हलं."

"मग उगडत का न्हाईत?"

"इच्यारपूस झाल्यापास्नं दडून बसल्यात. खरंच न्यायला येनार दिसतंय."

पुन्हा थाप पडली. कुणीतरी कडीही हलवली. आतला अडसर भक्कम होता, तरी मी त्याला पाठ लावून बसलो. मला मरणाची भीती वाटली, हे मी आजही सरळ सांगतो. स्वतःच्या नव्हे, माझ्या पाठीमागं ते दार मोडलं तर समोर भिंतीशी बसलेल्या त्या दोघींच्या. मग ढोल पुढं सरकले, गलका देवळाकडं गेला आणि बोळ रिकामा झाला.

चांदण्या दिसल्यावरही मी अडसर काढायला धजत नव्हतो. बायकोनंच काढला. उंबऱ्यावर आपट्याच्या पानांचा ढीग पडला होता. सीमोल्लंघन करून आलेलं गाव घरोघर सोनं वाटत हिंडलं होतं. पानं बघून मला हसू फुटलं आणि त्यातच डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ओट्याच्या कडेला काहीतरी हललं. घोंगडं पांघरून म्हातारी बसली होती.

"मुडद्या, सनाचं दार लावून बसतोस व्हय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आता समद्या गावाला कळलं, तू दडलायस म्हून. उद्या बायको आन् पोरीला घिऊन वर ये. डाव्या अंगाच्या वड्यानं ये, पेठंतनं नगं."

"कशाला?" मी विचारलं. त्या दिवशीचं कुडाआडचं बोलणं माझ्या कानात वाजत होतं.

"कशाला म्हून काय इच्यारतो? ये म्हनलं की यावं." आणि काठी टेकत ती अंधारात निघून गेली.

तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही यावर आमच्यात बरंच झालं. मी म्हटलं, हा सापळा असला तर? गावात असली माणसं नकोत म्हणणारीच ती. बायको पीठ मळत होती. दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो. त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचं आणि स्नेह्यासोबत्यांकडं जायचं, अशी आमची रीत. तिनं पुऱ्यांचा डबा भरला, बाळाला काखेत घेतलं आणि म्हणाली, "तिच्या दाराला तुमचा पाय लागला नाही म्हणाली ना? चला, आज लावून येऊ." माझ्यापेक्षा ती नेहमीच धीट होती.

आम्ही ओढ्यानं वर चढलो. दोन्ही बाजूंना भात निसवून पिवळं पडायला लागलं होतं. मी दर थोड्या वेळानं मागं वळून बघत होतो. वाडीच्या जवळ आलो तसं वरच्या घराच्या अंगणातून काहीतरी बारकं झपकन आत पळालेलं दिसलं. कुत्रं असावं, मी म्हटलं.

म्हातारीनं आम्हाला ओट्यावर बसवलं. कोनाड्यातलं तेच पितळेचं फुलपात्र काढलं, पाणी दिलं. पुऱ्यांचा डबा तिनं घेतला, पण तो घरात न नेता ओट्यावरच एका बाजूला ठेवला. माझ्या बायकोनं ते पाहिलं आणि मीही पाहिलं.

मला राहवेना. "आजी, त्या दिवशी तुम्ही त्या साहेबांना काय सांगितलंत ते मी ऐकलंय. गोठ्यात होतो मी."

ती जराही ओशाळली नाही. "मग काय सांगू? व्हय म्हनू? हितंच ऱ्हातो, लई भला हाय, आमच्या ओट्यावर पानी पितो, आसं सांगू? म्हंजी धरून न्यायला बरं तुला? गेल्या साली पोलीस चळवळीतल्या पोरांना हुडकत आल्ते तवाबी ह्येच सांगितलं व्हतं. आमी वळखत न्हाई. पाय लागला न्हाई. तीन पोरं व्हती आत, भाकरी खात. पाटलानंबी समद्यांना बजावलंय, डाक्टराचं नाव निगालं की कुनी काय बोलायचं न्हाई."

मला दूधवाली आठवली, मागच्या दारी इकडंतिकडं बघणारी. पाटलाच्या माणसानं विचारलेली जायची वाट आठवली. मी तिला समजवायला बघत होतो, की तो प्राध्यापक पोलिसातला नाही, इथलं सरकार आम्हाला धरायला येत नाही, ते सगळं तिकडं फार लांब चाललंय. ती ऐकून घेत होती, पण सरकार येत नाही या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठासून सांगता येत नव्हतं. एक गोष्ट मात्र विचारायचा धीर मला झाला नाही. असली माणसं गावातच नकोत, हेही सगळं मला वाचवायलाच होतं का? की त्यात थोडं तिच्या मनातलंही होतं? ओट्यावरचा डबा अजून तिथंच होता.

"बोलत काय बसलास, जागा बगून घे," ती म्हणाली आणि उठली. "येळ आली की हुडकाया सवड गावत न्हाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं. आत माजघरात अंधार होता. शेणानं सारवलेल्या दोन कणग्या भिंतीशी उभ्या होत्या, भात साठवायच्या, माणसाच्या छातीइतक्या उंच. "ही भाताची," तिनं एकीवर हात मारला. "आन् ही बाराबी म्हैनं रिकामी ठिवतो. तुज्यापायी." आणि तिनं दुसरीवरचं झाकण बाजूला सारलं.

आत तळाशी गुडघे पोटाशी घेऊन एक मुलगी बसली होती. चार-पाच वर्षांची, केसांच्या जटा, अंगात भावाचा जुना सदरा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कुठल्याच मोजणीत ती नव्हती. जन्मल्यापासून दर फेरीला ती इथं, या अंधारात, मी वाडी उतरून जाईपर्यंत श्वास धरून बसत आली होती. आत्ताही आम्हाला ओढ्यानं चढताना पाहून ती आपणहून येऊन लपली होती. तिनं मान वर केली, तिला माझा चेहरा दिसला, आणि ती किंचाळली. इतके दिवस मी ज्यांना भीत होतो त्यांच्या घरात, मला भिऊन लहानाचं मोठं झालेलं पोर मी पहिल्यांदा बघत होतो.

"गप," म्हातारी कणगीत वाकून म्हणाली. "वरडू नगं. त्यो आज टोचाया न्हाई आला. त्यो लपाया आलाय."

मुलगी गप्प झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बायकोच्या काखेतल्या आमच्या मुलीकडं पाहिलं. मग डोळे पुसत ती कणगीच्या कडेला सरकली आणि शेजारी जागा केली.